राजीनाम्याची पक्की प्रत

तो कागद मी तीन वेळा नेला आणि तीन वेळा परत आणला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, शिव्या घालणार आहे, तेव्हा कोणी म्हणायला नको की हा स्वतः मात्र नामानिराळा राहिला.

मी या निवासी शाळेचा शिपाई. पोरं मला ‘कागद्या’ म्हणतात. ऑफिसातून वर्गात, वर्गातून हाऊसमध्ये, हाऊसमधून पुन्हा ऑफिसात. काखेत निळं फोल्डर आणि पायात झिजलेल्या चपला. माझ्या आधी हेच फोल्डर माझ्या बापाच्या काखेत होतं.

कागद होता मास्तरांच्या राजीनाम्याचा.

शाळेत शिक्षक चोवीस आहेत, पण ‘मास्तर’ म्हटलं की एकच माणूस. शिकवतात भूगोल, पण त्यांचं खरं काम हाऊसमास्तरकीचं, सव्वीस वर्षांपासून. बाहेरच्या माणसाला हाऊसमास्तर म्हणजे काय ते कळत नाही. त्याला वाटतं, काहीतरी मानाची जागा असेल. मी सांगतो काय असते ती. एका लांबलचक खोलीत अठ्ठेचाळीस पोरं झोपतात. खोलीच्या टोकाला भिंत. भिंतीपलीकडे हाऊसमास्तरांच्या दोन खोल्या. आणि त्या भिंतीत, नवराबायकोच्या पलंगाच्या बरोबर वर, हातभर रुंद एक काच. काचेतून मास्तरांनी पोरांवर लक्ष ठेवायचं. पण काच ती काच, तिच्यातून इकडूनही दिसतं आणि तिकडूनही. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, लग्न करून इथे आल्या त्याच आठवड्यात त्यांनी काचेवर जुन्या चादरीचा तुकडा लावला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून चिठ्ठी आली, ‘काच झाकू नये.’ ती चिठ्ठी माझ्या बापाने नेऊन दिली होती. नव्या नवरीच्या तोंडाकडे बघवलं नाही, असं तो मरेपर्यंत सांगायचा. बघवलं नाही, पण चिठ्ठी दिलीच.

त्या दोन खोल्यांना स्वयंपाकघर नाही. हाऊसमास्तरांनी बायकोसकट पोरांबरोबर जेवायचं, घंटा झाली की. चहापुरती एक शेगडी तेवढी आहे. दाराला आतून कडी नाही, कारण कुठल्याही पोराला कधीही आत येता आलं पाहिजे. यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्यावर इथले लोक हसून म्हणतात, “अठ्ठेचाळीस आहेत की!” असं बोलणाऱ्याला एकदा त्या काचेखाली झोपायला लावलं पाहिजे.

आता मास्तर. ते वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. पोराला ताप आला की मास्तर त्याच्या खाटेशी खुर्ची टाकून बसतात. जिन्यावरच्या पावलांवरून सांगतात, कोणाच्या बुटाचा तळ गेलाय. एका पोराला घरून कधीच पत्र येत नाही. टपाल वाटायच्या वेळी मास्तर त्याला नेमके नकाशे आणायला पाठवतात, म्हणजे सगळ्यांची नावं पुकारली जात असताना आपलं न पुकारलेलं नाव त्याला ऐकावं लागू नये. असा माणूस. त्याच्यावर रागवायला गेलं की जीभ अडखळते. मी तरीही रागावणार आहे.

इथला करार तीन वर्षांचा असतो. सोडून जायचं असेल तर ठरलेल्या महिन्याच्या पंधरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत, सही केलेल्या कागदावर ऑफिसचा शिक्का पडला पाहिजे. नाही पडला तर करार आपोआप पुढे तीन वर्षं. मास्तरांनी ही तारीख याआधी दोनदा घालवली होती. एकदा हाऊसमध्ये गोवराची साथ होती म्हणून, एकदा नवं वाचनालय लावायचं होतं म्हणून. दोन्ही वेळा वहिनी गप्प बसल्या.

या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांची मावशी वारली आणि तिचं घर वहिनींना मिळालं. इथून बसने तीन तासांवर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातपाय पसरायला ओटा. वहिनी दोनदा जाऊन घर झाडून पुसून आल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, “अरे, दाराला कडी आहे त्या. मी नुसती उघडझाप करत बसले होते अर्धा तास.”

नऊ तारखेला त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

“हे आज कागद देणार आहेत. मला शब्द दिलाय. तू तो थेट हेडक्लार्ककडे न्यायचा, शिक्का मारून घ्यायचा. मधे कुठे थांबायचं नाही.”

“आणि सर नाही म्हणाले तर?”

“तर पंधरा तारखेला पावणेपाचच्या बसने मी एकटी जाणार. हेही त्यांना सांगितलंय. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय, मास्तरांनी स्वतः बघितलीय ती.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बॅगेचा पट्टा उसवलाय, शिवून घे.”

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसू आलं.

मी वर गेलो. मास्तरांनी पाकीट न घालता, नुसता घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला.

“मोठ्या सरांना दाखवून आण. कच्चा आहे.”



“सर, राजीनाम्याचा कच्चा?”

“मग? शाळेच्या नावाने जाणारा कागद आहे ना?”

इथे थांबून ही कच्च्या-पक्क्याची भानगड सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. शाळा काढणाऱ्याने रीत घालून दिली की शिक्षकाच्या हातून बाहेर जाणारा कुठलाही कागद आधी कच्चा लिहायचा. तो मुख्याध्यापकांकडे जातो. ते लाल शाईने खुणा करून परत पाठवतात. मग शिक्षकाने पुन्हा लिहायचं, पुन्हा दाखवायचं. खूण उरली नाही की जाड पांढऱ्या कागदावर पक्की प्रत काढायची, एकही खाडाखोड न करता, आणि सही फक्त पक्क्यावर. पालकांना जाणारे अहवाल असे, सूचना अशा, रजेचे अर्जही असेच. विज्ञानाच्या सरांनी तर स्वतःच्या लग्नाची पत्रिका कच्ची करून पाठवली होती. ती लाल होऊन परत आली. वेळ आधी लिहा, ठिकाण नंतर. त्यांनी तसं केलं. बायकोकडच्यांनी जन्मभर टोमणे मारले, पण केलं.

माझं लिहिणंवाचणंही या कच्च्यांवरच झालंय. पाचवीत नापास होऊन शाळा सोडली. पुढचं शिक्षण मोठ्या सरांच्या कचऱ्याच्या टोपलीतून. कोणतं वाक्य खोडलं आणि का, हे बघत बसायचो. त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो. लाल पेन ज्याच्या हातात असतं त्याला चूक सापडतेच.

तर मास्तरांना मी म्हटलं, “सर, शिक्का मारायला हेडक्लार्क आहेत. मोठ्या सरांची मंजुरी लागतच नाही. नियमात नाही ते.”

“लागत नाही रे,” मास्तर म्हणाले, “पण दाखवू नये असं थोडंच आहे? सव्वीस वर्षं दाखवतोय. शेवटचाच कागद चोरासारखा देऊ?”

मी कागद नेला. मोठ्या सरांना.

मोठे सर ओरडत नाहीत. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी होत्या त्या वाचल्या, आणि म्हणाले, “उद्या घेऊन जा.” दोन ओळींना एक दिवस. दहा तारखेला कागद मिळाला. खाली लाल शाईत होतं, ‘फार त्रोटक. इतक्या वर्षांच्या सेवेचा आढावा हवा. कारण नमूद नाही.’

मास्तरांनी ते वाचलं आणि मान हलवली. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल.

“बरोबर आहे त्यांचं,” मास्तर म्हणाले. “मला स्वतःलाच ते कोरडं वाटत होतं.”

वहिनी शेगडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं, जरा जोरातच.

“अहो, राजीनामा आहे तो. निबंध नाही. कोरडा असला तर तुम्हाला दहा गुण कमी पडणार आहेत का?”

“आज दहा तारीख आहे. पाच दिवस आहेत अजून.”

“गोवराच्या वेळीही पाच दिवस होते.”

“तेव्हा पोरं आजारी होती गं.”

“आणि आता कोण आजारी आहे ते मला दिसतंय.”

मास्तर माझ्याकडे बघून ओशाळं हसले. काचेपलीकडे दोन पोरं नाक चिकटवून उभी होती. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, तशी ती पळाली. मग त्या आवाज खाली आणून बोलल्या. या घरात भांडण नेहमी खालच्या आवाजातच होतं. मोठ्याने बोलायची सोयच नाही.

दुसरा कच्चा चार पानांचा झाला. अकरा तारखेला दिला, बारा तारखेला परत आला. त्यात मास्तरांनी सगळी सव्वीस वर्षं घातली होती. वाचनालय, पोरांच्या सहली, वर्गाच्या भिंतीवर त्यांनी हाताने रंगवलेला जगाचा नकाशा. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य, ‘पत्नीसह स्वतःच्या घरी राहावे अशी इच्छा आहे.’ चार पानांत मोठ्या सरांनी एवढं एकच वाक्य खोडलं होतं. समासात लिहिलं होतं, ‘घरगुती बाबी शाळेच्या कागदात शोभत नाहीत. त्याऐवजी आपल्यामागे प्रत्येक विद्यार्थ्याची काळजी कशी घ्यावी याची टिपणे जोडावीत.’

मी ते जिन्यातच वाचलं. वाचायचं नसतं, पण मी नेहमी वाचतो. वाचून माझं डोकं फिरलं. मी वर जाऊन मास्तरांना सरळ म्हटलं, “सर, हे तुम्हाला झुलवतायत. अठ्ठेचाळीस पोरांची टिपणं लिहायला बसलात तर पंधरा तारीख गेली म्हणून समजा.”

“झुलवत नाहीत रे. मागणी रास्त आहे. मी गेल्यावर नव्या माणसाला कसं कळणार, कोण अंधाराला घाबरतं ते?”

“वहिनींबद्दलचं वाक्य खोडलंय त्यांनी. ते दिसलं का?”

मास्तरांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

“ते खरंच तिथे जरा विजोड दिसत होतं,” असं ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. चोपन्न वर्षांचा माणूस. समोर दार उघडं आहे, बाहेर बायको उभी आहे, आणि हा उंबरठ्यावर उभा राहून विचारतोय की माझी चाल बरोबर पडतेय ना.

तेरा आणि चौदा, दोन्ही दिवस मास्तर लिहीत होते. वर्ग संपला की, जेवण झालं की, पोरांच्या अभ्यासाच्या तासाला त्यांच्या पुढ्यात बसूनही लिहीत होते. आणि एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली. लिहिताना एकेका पोराकडे बघायचे, मग पेन थांबायचं. चौदा तारखेला मी शाई द्यायला गेलो तर मला म्हणाले, “खिडकीपाशी बसलाय ना, तो डाव्या बाजूचा, त्याला रागावलं की तो दोन दिवस जेवत नाही. हे लिहून नव्या माणसाला कळेल का रे? त्याला वाटेल, पोरगं हट्टी आहे.”

“कळेल, सर. नाही कळलं तर पोरगं तिसऱ्या दिवशी जेवेल.”

ते हसले नाहीत. सोडून जायचा कागद लिहिता लिहिता तो माणूस न जायची अठ्ठेचाळीस कारणं स्वतःच्या हाताने लिहीत होता.

पंधरा तारखेला सकाळी आठला मी तिसरा कच्चा नेला. पानं अकरा. दुपारचे तीन वाजले तरी परत येईना. मी मोठ्या सरांच्या दाराशी स्टूल टाकून बसलो. पावणेचारला घंटी वाजली. आत गेलो. अकरा पानं टेबलावर व्यवस्थित रचलेली. त्यांनी फक्त सातव्या पानावर एका पोराच्या नावापुढे लाल फुली केली होती, आणि बाजूला लिहिलं होतं, ‘याविषयी आणखी दोन ओळी हव्यात.’

मी कागद उचलले आणि उचलता उचलता बोलून गेलो.

“सर, आज पंधरा तारीख आहे.”

“माहीत आहे.”

“मास्तरांना जायचंय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. चिडतील असं वाटलं होतं, पण नाही.

“मी त्यांना एकदा तरी नको म्हटलं का? सांग ना. एकदा तरी जाऊ नका म्हटलं?”

“नाही.”

“त्यांनी सही करून हेडक्लार्ककडे कागद दिला असता तर मी काय करू शकलो असतो? काहीच नाही. त्यांनी मला दाखवला. दाखवल्यावर मी वाचणार. वाचल्यावर सुचवणार. मी दुसरं काय करायचं?”

असला शहाणपणा खोडायला माझ्याकडे लाल पेन नव्हतं. त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरात पंधरा तारखेभोवती गोल केलेला होता, हे मात्र मी बघितलं. आणि मी बघतोय हे त्यांनीही बघितलं.

मी धावत हेडक्लार्ककडे गेलो.

“दादा, हा कच्चा आहे. यावर लाल खूण आहे. यावर शिक्का माराल?”

हेडक्लार्क तीस वर्षं त्या खुर्चीत बसून बसून खुर्चीच्याच आकाराचा झालेला माणूस. त्याने पानं उलटून बघितली.

“लाल असो, पिवळं असो, चहा सांडलेला असो. मला काय करायचंय? खाली सही पाहिजे, बस. सही कुठाय?”

सही नव्हती. सही फक्त पक्क्यावर.

“पाचपर्यंत आहे मी,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, “पळ. मी घड्याळाकडे बघत नाहीये असं समज.”

त्या माणसाबद्दल मी जन्मभर वाईट बोललो, एवढं एक वाक्य सोडून.

अभ्यासाचा हॉल तळमजल्यावर. पोरं खाली माना घालून बसलेली. मास्तर पुढच्या टेबलाशी. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात बॅग, पायात बाहेर जायच्या चपला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“सर, एकच खूण आहे. ती सोडा. मी हेडक्लार्कना विचारून आलोय. याच्यावर सही केलीत तरी चालतंय. फक्त सही.”

मास्तरांनी पानं हातात घेतली, सातवं काढलं, वाचलं.

“याच्यावर? लाल शाई आहे रे याच्यावर.”

“चालतं म्हणाले ते.”

“त्यांना चालेल. पण हा कागद फाईलला राहणार. माझ्या नावाने. तीस वर्षांनी कोणी काढून बघितला तर?”

“कोण मरायला बघतंय तीस वर्षांनी!”

मागे दोन पोरं खुसखुसली. मास्तरांनी नुसतं बघितलं, पोरं गप्प झाली. मग त्यांनी खणातून जाड पांढरे कागद काढले. मोजून अकरा. पहिला समोर घेतला, पट्टीने समास आखला.

“एक पान पाच मिनिटं,” ते म्हणाले. “पंचावन्न मिनिटं होतात. बसतं की.”

वहिनी आत आल्या. बॅग त्यांनी टेबलाच्या पायाशी ठेवली. मास्तरांच्या पुढचा आखलेला कागद बाजूला सारला आणि खालचा कोरा ओढून त्यांच्यासमोर ठेवला.

“एक ओळ लिहा. मी नोकरी सोडतो. खाली सही. हा धावत जाईल. आपण बसला चालत जाऊ.”

“अगं, एक ओळ? सव्वीस वर्षांनंतर एक ओळ?”

“मला सव्वीस वर्षांत एकही ओळ मिळाली नाही. एक होती, ती त्यांनी खोडली आणि तुम्ही खोडू दिलीत.”

सगळा हॉल ऐकत होता. पोरांच्या पेनांचा आवाज थांबला होता. मास्तरांचा चेहरा लाल झाला. पोरांसमोर बायको बोलली म्हणून नाही, एवढं मी त्यांना ओळखतो. ती खरं बोलली म्हणून.

त्यांनी पेन उचललं. कोऱ्या कागदावर टेकवलं. त्यांनी लिहिलं, ‘मी.’

पुढे काही लिहिलं नाही.

“काय?” वहिनी म्हणाल्या.

“नीट सुचत नाहीये.”

“यात सुचायचं काय आहे?”

“असं घाईघाईत नको गं. पन्नास मिनिटांत पक्कं होईल. आणि बस चुकली तर उद्याची आहे ना. उद्या दोघं जाऊ. शपथ.”

वहिनींनी कागदावरचा तो एकटा ‘मी’ बघितला. मग वाकून बॅग उचलली. पट्टा शिवलेला होता, जाड दोऱ्याने. जाताना त्या मास्तरांना काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “तू तरी बस. त्यांना पानं पुरवत.” आणि गेल्या.

मी त्यांच्यामागे जाऊन बॅग धरायला हवी होती. मी बसलो. मास्तर लिहीत होते. ओळ सरळ, अक्षर मोत्याचं, एकही थेंब नाही. एक पान पाच मिनिटांत होत नव्हतं, बारा लागत होती, कारण मधेच उठून पोरांच्या शंका सोडवत होते. पावणेपाच वाजता फाटकाबाहेर बसचा भोंगा ऐकू आला. मास्तरांचं पेन क्षणभर थांबलं. मग पुढे चाललं.

आता मी माझं सांगतो, कारण सांगायचं ठरवलंय. लाल खुणेची ती अकरा पानं तेव्हा माझ्या मांडीवर होती. मास्तरांची सही मी हजार वेळा बघितली आहे. डोळे मिटून मारू शकतो. पाचला दहा कमी असताना मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, खांबाआड उभा राहिलो, शेवटचं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. दहा पावलांवर ऑफिस. हेडक्लार्क घड्याळाकडे बघत नव्हता. खोटी सही, नोकरी जाईल, हे सगळं मनात आलंच नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान भित्रा म्हणून सुटलो असतो. माझ्या मनात आलं, कच्च्यावर सही नसते.

असं आलं मनात. माझ्या! ज्याने टोपलीतून हे सगळे चाळे ओळखले, त्याच्या मनात. मी टोपण लावलं. पाचचे टोल पडले तेव्हा मी खांबाआडच होतो, आणि आत मास्तर पाचव्या पानावर होते.

त्यांनी अकरावं पान साडेसहाला संपवलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हेडक्लार्ककडे दिलं. त्याने वाचलं, शिक्क्यावर हात ठेवला, काढला, आणि म्हणाला, “सोळा तारीख रे आज.” मग मोठ्या सरांनी ते मागवून घेतलं. आठवड्याने शिक्षकांच्या बैठकीत त्यातली टिपणं मोठ्याने वाचून दाखवली. विद्यार्थ्यांची नोंद कशी असावी याचा नमुना म्हणून. यापुढे सगळ्या हाऊसमास्तरांनी दर वर्षी अशी टिपणं लिहायची, आधी कच्ची, असं ठरलं. पहिली चार पानं, जी राजीनाम्याची होती, ती वाचली नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाण्याचे ग्लास फिरवत होतो. मास्तर खाली बघत होते, पण कान लाल झाले होते, आणि मला वाटतं त्यांना बरं वाटलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या ‘उद्या’च्या बसने ते गेले नाहीत. करार चालू असताना सत्राच्या मधे हाऊस सोडता येत नाही. परवानगी मागावी लागते, आणि ती मागायचा अर्ज कच्चा लिहावा लागतो.

वहिनींचं एक कार्ड आलं. ‘पोचले. छत गळत नाही.’ एवढंच. सही नाही, काही नाही. मास्तरांनी ते वहीत ठेवलं.

महिन्याच्या शेवटी त्यांनी मला खोलीत बोलावलं. काचेखाली पलंगाची एकच बाजू चुरगळलेली होती. त्यांनी घडी केलेली दोन पानं माझ्या हातात दिली.

“तुझ्या वहिनीला लिहिलंय. तू जरा वाचून बघतोस? कुठे बोचेल असं काही गेलंय का, बघ. खूण कर. मग मी पक्कं काढतो.”

मोठ्या सरांना दाखवता येत नव्हतं, म्हणून मला दाखवत होते. दाखवल्याशिवाय त्यांना बायकोलाही लिहिता येत नव्हतं.

“ठीक आहे,” मी म्हटलं आणि कागद घेऊन खाली आलो.

जिन्यात वाचलं. पहिलं पान असंच, तब्येत, हवा, कोणत्या पोराचा दात पडला. दुसऱ्या पानावर अक्षर बिघडलं होतं. तीन वेळा सुरुवात करून खोडलेली. आणि खाली, सहीच्या वर, एका वाक्यावर आडवी रेघ होती. मास्तरांची रेघ नेहमीप्रमाणे सरळ आणि बारीक, त्यामुळे खालचं सगळं वाचता येत होतं, ‘मला इथून न्यायला ये. माझ्याने एकट्याने होणार नाही.’

मी ऑफिसात गेलो नाही. फाटकाबाहेरच्या दुकानातून पाकीट घेतलं, पानं होती तशी आत घातली, चिकटवलं, वहिनींचा पत्ता लिहिला आणि रस्त्यापलीकडच्या पेटीत टाकलं.

तीन दिवस मास्तर मला विचारत होते, “वाचलंस का? फार काही बदलायचं आहे का?” चौथ्या दिवशी मी सांगितलं, “टाकलं, सर. पेटीत.”

ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

“कच्चंच?”

“कच्चंच.”

“अरे, पण त्यात खोडलेलं होतं.”

“होतं.”

“ती वाचेल ते.”

“वाचेल, सर. म्हणूनच टाकलं.”

त्यांनी कठडा सोडला आणि एक पायरी माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्यावर ओरडायचं होतं. ओरडले असते तर मी तिथेच त्यांच्या पाया पडलो असतो. पण वरून पोरं उतरत होती, आणि पोरांसमोर ते आवाज चढवत नाहीत.